15 वॅटचा ॲम्प, 650 फुटांचा फ्लॅट आणि कॅब सिम्युलेटर

ज्यांच्याकडे ट्यूब ॲम्प (काचेच्या ट्यूबवर चालणारा गिटारचा ॲम्प्लिफायर) आहे आणि वर, खाली, शेजारी माणसं राहतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. शेजाऱ्यांना त्रास न देता तो वाजवायचा, आणि त्यासाठी कॅब सिम्युलेटर, म्हणजे स्पीकरच्या पेटीची (कॅबिनेटची) नक्कल करणारा डबा, घ्यायचा, हे प्रकरण मार्च 2024 मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबरमध्ये मार्गी लागलं. मधल्या काळात या विषयावर मराठीत काही वाचायला मिळतंय का ते शोधलं, फारसं हाती लागलं नाही. म्हणून खर्च, वाट पाहणं आणि कंटाळवाण्या कागदपत्रांसकट सगळं लिहून ठेवतेय.

माझा ॲम्प फेंडरचा ब्लूज ज्युनियर. 15 वॅट, दोन ईएल84 पॉवर ट्यूब, 12 इंची एक स्पीकर. ओळखीतल्या एकाने पुणं सोडताना दिला. 15 वॅट म्हटलं की लोकांना तो खेळण्यातला वाटतो. पण गिटारचा 12 इंची स्पीकर 1 वॅटला 1 मीटरवर साधारण 97 ते 100 डेसिबल आवाज देतो, आणि 15 वॅट म्हणजे त्यावर आणखी जवळजवळ 12. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45. सिंहगड रोडवरच्या आमच्या इमारतीच्या भिंती कशा आहेत ते सांगायला नको. वरच्यांचा कुकर किती शिट्ट्यांवर उतरतो तेही आम्हाला कळतं.

मार्चमध्ये खालच्या मजल्यावर दहावीची परीक्षा चालू होती. सोसायटीच्या फलकावर लेटरहेडवर सूचना लागली: ‘सदस्यांनी वाद्यवादन व तत्सम आवाज टाळावेत.’ नाव कुणाचं नव्हतं, पण अख्ख्या इमारतीत वाद्य एकच. राग आला नाही. त्यांचं बरोबरच होतं.

मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) एकवर ठेवून वाजवायचा मार्ग असतोच. तो करून पाहिला आणि दोन आठवड्यांत गिटार हातात घ्यायचा उत्साहच गेला. याला कारणं दोन. पहिलं, ट्यूब ॲम्पचा जो दाटपणा आपल्याला हवा असतो त्यातला बराचसा पॉवर ट्यूब आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर कामाला लागल्यावर येतो. मास्टर खाली असताना ते आरामात बसलेले असतात. दुसरं आपल्या कानांचं. आवाज कमी झाला की खर्ज आणि वरचे स्वर कानाला प्रमाणापेक्षा जास्त कमी ऐकू येतात. ॲम्प तोच, नॉब तेच, पण आवाज पातळ.

एप्रिलमध्ये एका मित्राने त्याचा रेड बॉक्स आणून दिला. ह्यूजेस अँड केटनरचा हा छोटा डबा ॲम्प आणि स्पीकर यांच्या मध्ये बसतो, सिग्नलचा थोडा भाग घेतो, त्याला स्पीकरसारखा घडवतो आणि मिक्सरला पाठवतो. रेकॉर्डिंग छान झालं. पण स्पीकर आपला पूर्ण जोरात वाजतच होता! इथे बहुतेक जण गोंधळतात, म्हणून सावकाश सांगते. कॅब सिम्युलेटर आणि लोड बॉक्स ही दोन वेगळी कामं आहेत. सिम्युलेटर आवाजाला स्पीकरचं रूप देतो. लोड बॉक्स स्पीकरच्या जागी बसून ॲम्पची ताकद स्वतः पचवतो. घरात शांतता हवी असेल तर दोन्ही लागतात, मग ती एका डब्यात असोत की दोन.

‘मग स्पीकरची वायर काढून टाकली तर?’ असं मनात आलं तर तिथेच थांबा. ट्यूब ॲम्प लोडशिवाय कधीही चालवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला पलीकडे ओझंच सापडलं नाही की त्याच्या प्रायमरीवर (ट्यूबकडच्या गुंडाळीवर) व्होल्टेज भलतंच उसळतं. सॉकेटमध्ये ठिणगी पडू शकते, ट्रान्सफॉर्मरच्या आतलं इन्सुलेशन जळू शकतं. जोरात वाजवत असाल तर हे व्हायला फार वेळही लागत नाही. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पचं गणित वेगळं असतं. तिथे स्पीकर काढला तर सहसा काही होत नाही, पण वायर शॉर्ट होऊ द्यायची नाही.

सिम्युलेटर लागतोच कशाला, ॲम्पचा सिग्नल थेट लाइनने मिक्सरला घेतला तर काय बिघडतं, तेही ऐकून पाहिलं. कानात टोचणारी किरकिर, विशेषतः ओव्हरड्राइव्हवर, म्हणजे आवाज फुटेपर्यंत ताणल्यावर. गिटारचा स्पीकर म्हणजे खरं तर एक गाळणी. साधारण 75 हर्ट्झच्या खाली आणि 5 किलोहर्ट्झच्या वर त्याचा आवाज झपाट्याने घटतो, आणि ॲम्प बनवणाऱ्यांनी हे गृहीत धरूनच ॲम्प बनवलेला असतो. गाळणी काढली की आजवर कधी कानावर न आलेला सगळा कचरा समोर येतो. ही अडचण जुनीच आहे. ‘बॉस्टन’ बँडचे टॉम शोल्झ यांनी 1982 मध्ये रॉकमन नावाचा हेडफोनवर वाजवायचा छोटा ॲम्प आणला, त्यात स्पीकरचं हे वागणं ॲनालॉग फिल्टर वापरून साधलं होतं. आता बहुतेक ठिकाणी इम्पल्स रिस्पॉन्स असतात, बोलताना सगळे आयआर म्हणतात. एका विशिष्ट कॅबिनेटसमोर विशिष्ट माइक विशिष्ट जागी ठेवून घेतलेला हा त्याच्या आवाजाचा ठसा. फाइल असते साध्या वेव्ह (.wav) ऑडिओची आणि एवढीशी: 48 किलोहर्ट्झवर 2048 सॅम्पल म्हणजे जेमतेम 43 मिलिसेकंद.

मे महिना वाचण्यात आणि दुकानांना फोन करण्यात गेला. लोड दोन प्रकारचे. रेझिस्टिव्ह म्हणजे थोडक्यात जाड रेझिस्टर. स्वस्त, सुरक्षित, पण आवाज जरा निर्जीव. कारण खऱ्या स्पीकरचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) सगळीकडे 8 ओहम नसतो. खर्जात, त्याच्या रेझोनन्सपाशी, तो उंच चढतो, खाली येतो आणि वरच्या स्वरांकडे पुन्हा चढत जातो. ट्यूब ॲम्प या चढउतारांना उत्तर देतो, आपल्या बोटांना जाणवणारा ‘प्रतिसाद’ त्यातूनच येतो. रिॲक्टिव्ह लोडमध्ये कॉइल आणि कपॅसिटर घालून हे चढउतार जमवलेले असतात. पैसे इथे घालावेत, असं माझं मत. आयआर नंतर कितीही बदलता येतात, लोड बदलता येत नाही.

ठरलं टू नोट्स या फ्रेंच कंपनीचं टॉर्पीडो कॅप्टर एक्स. 100 वॅट पेलणारा रिॲक्टिव्ह लोड, आयआरवर चालणारा सिम्युलेटर आणि खरा स्पीकर हळू वाजवायचा असेल तर ॲटेन्युएटर, तिन्ही एकात. 15 वॅटच्या ॲम्पला 100 वॅटचा डबा जास्त वाटेल. पण ॲम्प पूर्ण उघडून वाजवला की तो कागदावरच्या वॅटपेक्षा बराच जास्त सोडतो, त्यामुळे निदान दुपटीची सोय ठेवावी.

भारतातल्या विक्रेत्याने 57 हजार सांगितले. माल हाताशी नाही, सहा ते आठ आठवडे लागतील म्हणाला. त्याच सुमारास मावसभाऊ कंपनीच्या कामासाठी काही आठवडे म्युनिकला चालला होता. मग रीतसर कस्टम्सचा अभ्यास केला. 2016 च्या बॅगेज नियमांनुसार तेव्हा परत येणाऱ्या भारतीय रहिवाशाला 50,000 रुपयांपर्यंतच्या वस्तू शुल्क न भरता आणता येत होत्या. त्यावरच्या रकमेवर 38.5 टक्के. दोन प्रवाशांच्या सवलतींची बेरीज होत नाही. आणि त्याने स्वतःसाठी घेतलेली खरेदीही याच 50,000 मध्ये धरली जात होती, त्यामुळे त्याच्या बुटांवर आमची थोडी वादावादी झाली. हे आकडे बदलत असतात. कुणाकडून काही मागवण्याआधी कस्टम्सच्या संकेतस्थळावर त्या वेळचे नियम स्वतः वाचा.

दुकानातून त्याचा फोन आला. “ताई, यात 8 आणि 16 असं लिहिलेलं येतं म्हणे. यांच्याकडे 16 चा आहे. चालेल ना? दुप्पट आहे!”

“नाही रे बाबा. तो आकडा ओहमचा आहे, 8 चाच पाहिजे. आणि पैसे देण्याआधी लेबलचा फोटो पाठव.”

ब्लूज ज्युनियरला 8 ओहमचा स्पीकर आहे, म्हणून लोडही 8 चा. काही ॲम्पना मागे 4, 8, 16 अशी निवड असते, त्यांना थोडी मोकळीक. माझ्याला नाही. 8 चा डबा दुकानात यायला आठवडा गेला. किंमत 429 युरो, तेव्हाच्या दराने साधारण 39 हजार.

जर्मनीत 19 टक्के कर किमतीतच धरलेला असतो आणि युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याला तो परत मागता येतो. पण त्याची एक पद्धत आहे. दुकानातून पासपोर्ट दाखवून फॉर्म भरून घ्यायचा, वस्तू न वापरता बांधलेलीच ठेवायची आणि विमानतळावर तिथल्या कस्टम्सचा शिक्का घ्यायचा. वस्तू मोठ्या बॅगेत असेल तर बॅग विमानात जाण्याआधीच शिक्का घ्यावा लागतो, कारण ते वस्तू पाहायला मागू शकतात. भाऊ म्हणाला, रांगेसाठी तासभर हाताशी ठेवलेला बरा. मधल्या एजन्सीचा वाटा जाऊन 45 युरोच्या आसपास परत आले, तेही पुढच्या महिन्यात कार्डावर.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तो मुंबईला उतरला. स्कॅनरवर बॅग बाजूला घेतली गेली. आत लोखंडी डबा आणि कॉइल दिसल्यावर कुणीही विचारणारच. बिल वरच होतं, किंमत मर्यादेत होती, पाच मिनिटांत सोडलं. बिल मोबाइलमध्ये आणि कागदावर, दोन्ही ठेवा. अडॅप्टर 100 ते 240 व्होल्टचा असल्यामुळे कन्व्हर्टर लागला नाही. युरोपची दोन पिनांची पिन आपल्या सॉकेटमध्ये जाते, फक्त सैल बसते. मी स्पाइक गार्डमध्ये लावते.

आता वायर. ॲम्पपासून लोडपर्यंत गिटारची केबल चालत नाही, स्पीकरची केबलच लागते. दोन्हींच्या टोकाला तोच जॅक असतो, म्हणून फसायला होतं. गिटारच्या केबलमध्ये बारीक तार आणि भोवती जाळी असते. पॉवर आउटपुटचा करंट तिच्यासाठी नाही, तापते, तुटते, आणि तुटली की ॲम्प लोडशिवाय. मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले, दीड चौरस मिमीची दोन कोरची वायर घेतली आणि दोन्ही टोकांना धातूचे मोनो पी-38 (हाच तो गिटारचा जाड जॅक) झाळून घेतले. एक जादा तुकडाही करून घेतला, एका टोकाला पी-38 आणि दुसऱ्याला त्याचं सॉकेट. ब्लूज ज्युनियरच्या स्पीकरची स्वतःची वायर इतकी तोकडी आहे की ती बाहेरच्या डब्यापर्यंत पोचतच नाही. सगळं मिळून साडेसहाशे रुपये.

जोडायचा क्रम मी कागदावर लिहून ॲम्पच्या मागे चिकटवलाय. ॲम्प बंद. स्पीकरचा जॅक काढा, लोडचा घाला. दुसरं टोक लोडच्या ‘ॲम्पकडून’ लिहिलेल्या भोकात, ‘स्पीकरकडे’ लिहिलेल्यात नव्हे. डबा चालू. मग ॲम्प चालू, व्हॉल्यूम शून्यावरून वर. ॲम्प चालू असताना या जॅकला हात नाही, मुलांना तर नाहीच. डबा गादीवर किंवा ॲम्पवर ठेवू नका. सगळी ताकद उष्णता होऊन तिथेच बाहेर पडते.

पहिल्यांदा हेडफोन लावून मास्टर आठवर नेला तेव्हा खोलीत फक्त तारांची टिकटिक होती आणि कानात ॲम्प पूर्ण उघडलेला. तरी समाधान झालं नाही. बोटांना जे जाणवत होतं ते अगदी बरोबर: हळू छेडलं की स्वच्छ, जोरात छेडलं की फुटणारा. पण आवाज कोरडा आणि कपाळाला चिकटलेला. 39 हजारांचा विचार करून त्या रात्री झोप नीट लागली नाही.

पुढचे काही दिवस उलटसुलट करून जे कळलं, तेच मला या सगळ्यात सांगण्यासारखं वाटतं. कॅब सिम्युलेटर ‘खोलीत ठेवलेला ॲम्प’ देत नाही. तो ‘माइक लावलेला स्पीकर’ देतो. घरी आपण ॲम्प ऐकतो तो दहा फुटांवरून, स्पीकर पोटरीच्या उंचीवर, वरचे तीक्ष्ण स्वर गुडघ्यापाशी विरून गेलेले, भिंतींनी आपलं काही मिसळलेलं. आयआरमध्ये आपला कान स्पीकरच्या जाळीपासून दोन इंचांवर आहे. तो आवाज चुकीचा नाही. आपण आयुष्यभर ऐकलेल्या रेकॉर्डवरच्या गिटार अशाच आहेत. आपणच वाजवत असताना तसा कधी ऐकलेला नसतो, एवढंच. एका गाण्याचा ड्रम आणि बासचा ट्रॅक लावून त्याच्यावर वाजवलं, आणि जो आवाज एकट्याने कोरडा वाटत होता तो बरोबर जागेवर जाऊन बसला.

बाकी सुधारणा छोट्या होत्या. माइकची जागा सगळ्यात महत्त्वाची: स्पीकरच्या मधल्या टोपीसमोर धारदार, कडेकडे सरकवला की मऊ. एसएम57 हा माइक टोपीच्या कडेला आणि सोबत थोडा रिबन माइक, यावर मी स्थिरावले. खाली 80 हर्ट्झला कट (गिटारची खर्जाची तार 82 हर्ट्झच्या आसपास असते, त्याखाली फक्त गुरगुर), वर साडेपाच-सहा किलोहर्ट्झला कट. चिमूटभर खोलीचा रिव्हर्ब (घुमारा), ॲम्पच्या स्प्रिंग रिव्हर्बशिवाय वेगळा. हेडफोनवर तर तो हवाच, नाहीतर आवाज डोक्याच्या आतच अडकतो. आणि आयआरच्या बाजारात हरवू नका. शेकडो फाइली मोफत मिळतात. मी तीन ठेवल्या, बाकी पुसून टाकल्या, तेव्हा कुठे वाजवणं परत सुरू झालं.

आवाज रजईखाली गेल्यासारखा झाला तर एकच शंका घ्या: स्पीकर दोनदा लागलाय. संगणकातल्या सॉफ्टवेअरमध्ये कॅबिनेट चालू राहिलं असेल, किंवा सिम्युलेटरची लाइन दुसऱ्या गिटार ॲम्पच्या इनपुटमध्ये घातली असेल. सिम्युलेटरनंतर पूर्ण पट्ट्याचे स्पीकर हवेत, म्हणजे स्टुडिओ मॉनिटर किंवा पीए (कार्यक्रमातले मोठे लाउडस्पीकर).

ॲटेन्युएटरबद्दल मात्र अपेक्षा आवरा. −20 डेसिबलच्या खुणेवर 15 वॅटचे 0.15 वॅट होतात. ऐकायला काहीच नाही वाटत, पण वरचं गणित लावा: 1 मीटरवर तरीही 90 च्या आसपास! −38 वर सत्तरीत येतो, म्हणजे टीव्ही जरा मोठा लावल्यासारखा, आणि तिथे पुन्हा कानांचा तो पातळपणा सुरू. फ्लॅटमध्ये रात्री हेडफोनला पर्याय नाही.

ऑगस्टच्या मासिक सभेत मी कमिटीला रीतसर पत्र दिलं: यापुढे वादन हेडफोनवर, स्पीकर फक्त रविवारी सकाळी 11 ते 12. पोच घेतली, सही-शिक्क्यासकट. सेक्रेटरी काकांनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, “म्हणजे आवाज येणारच नाही? मग मॅडम, वाजवता कशाला?” मी त्यांना वर बोलावून हेडफोन दिला. ते बराच वेळ उठले नाहीत, आणि त्यांनी मागितलेलं गाणं मला येत नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये कॉलेजच्या जुन्या मंडळींच्या कार्यक्रमात हे स्टेजवर नेलं. साउंडवाल्याला ‘माइक नको, लाइन घ्या’ म्हटल्यावर तो खूश झाला. ड्रमची झांज गिटारच्या माइकमध्ये शिरणं बंद. त्याला आधीच दोन गोष्टी सांगा: या चॅनलचं 48 व्होल्टचं फँटम (मिक्सरकडून माइकला जाणारी वीज) बंद ठेवा, आणि मॉनिटरमध्ये, म्हणजे स्टेजवर आपल्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, मला गिटार द्या. दुसरी विसरायची नाही, कारण मागे ॲम्प वाजतच नसतो आणि ड्रम सुरू झाले की आपलं आपल्यालाच काही ऐकू येत नाही. मी −20 वर स्वतःचा स्पीकरही जोडला होता, फक्त पाठीला थोडी हवा लागावी म्हणून. लांब टिकवलेला स्वर स्पीकरसमोर उभं राहून फीडबॅकवर नेणं हेडफोनवर जमत नाही, त्यासाठी हवा हलावी लागते. आणि आयआर हा गोठवलेला ठसा असल्यामुळे स्पीकरचा कागद जोरात ताणला गेल्यावर जो फाटका गोडवा येतो तोही त्यात नसतो. ज्यांचा सगळा आवाज त्यावरच उभा आहे त्यांनी घेण्याआधी कुणाकडे तरी जाऊन वाजवून बघावं.

एक खर्च कुणी आधी सांगत नाही. खोलीत शांतता असली तरी आतल्या ट्यूब पूर्ण जोरात काम करत असतात. पूर्वी महिन्यातून एकदा मास्टर वर जायचा, आता रोज रात्री जातो. ईएल84 ची जुळवलेली नवी जोडी मी आत्ताच आणून ठेवली आहे. साडेचार हजार पडले. ट्यूबच्या काचेत लालसर डाग दिसू लागला, किंवा आवाज अचानक मऊ आणि गढूळ झाला, तर ॲम्प लगेच बंद करून त्या बदलून घ्या, लोड बॉक्सवर शंका घेण्याआधी.